विश्लेषण : ‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम पिवळे का पडते? उत्तर आहे अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांच्या आयुष्यात...

‘क’ जीवनसत्त्वाचे म्हणजेच व्हिटॅमिन सीचे सीरम विकत आणले, बाटली उघडली आणि काही आठवड्यांत पाण्यासारखा दिसणारा द्रव आधी पिवळा, मग चहासारखा तपकिरी झाला, असा अनुभव अनेकांचा असतो. म्हणून अलीकडे बाटल्यांवर ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट अशी लांबलचक नावे दिसू लागली आहेत. ही ‘क’ जीवनसत्त्वाची स्थिर, म्हणजे लवकर खराब न होणारी रूपे. पण मुळात हे जीवनसत्त्व इतके नाजूक का? त्याचे उत्तर ते शोधणाऱ्या हंगेरियन शास्त्रज्ञाच्या कहाणीत आहे. ज्या गुणामुळे हे जीवनसत्त्व अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांच्या हाती लागले, त्याच गुणामुळे ते बाटलीत टिकत नाही.

मूळव्याधीपासून सुरुवात...

सेंट-जॉर्जी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. आईच्या माहेरी वैज्ञानिकांची परंपरा होती. मामा मिहाय लेनहोशेक हे नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ. लहानपणी अल्बर्ट अभ्यासात यथातथाच होते आणि या भाच्याने संशोधनात पडू नये, असे मामांचे ठाम मत होते. पुढे मुलाने जिद्दीने अभ्यास सुरू केला, तेव्हा मामांचा विरोध मावळला, पण एका अटीवर. मामांना मूळव्याधीचा त्रास होता, त्यामुळे भाच्याने त्याच भागाचा अभ्यास करावा, असे ठरले. सेंट-जॉर्जी यांचा पहिला शोधनिबंध खरोखरच गुदद्वाराच्या आतील आवरणावर होता. आपण विज्ञानात चुकीच्या टोकाने शिरलो, अशी थट्टा ते पुढे स्वतःच करत.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि वैद्यकीय विद्यार्थी असलेल्या सेंट-जॉर्जी यांना सैन्यात जावे लागले. दोन वर्षे आघाडीवर काढल्यावर या युद्धाला काही अर्थ नाही, अशी त्यांची खात्री झाली. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली आणि शत्रूच्या गोळीने जखमी झाल्याचे सांगितले. पकडले गेले असते तर शिक्षा गंभीर होती. पण ते घरी परतले आणि १९१७ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी पूर्ण केली. त्याच वर्षी कॉर्नेलिया देमेनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

युद्धानंतर हंगेरीचे तुकडे झाले, चलन कोसळले. पत्नी आणि लहान मुलीला घेऊन ते प्राग, बर्लिन, लायडन अशी गावे फिरत अखेर नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात पोहोचले.

चिरलेले फळ काळे का पडते?

वांगी चिरली की लगेच पाण्यात टाकायची, सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळायचे, हे आपल्याकडे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत असते. ग्रोनिंगेनमध्ये सेंट-जॉर्जी यांना पडलेला प्रश्न हाच होता. सफरचंद किंवा बटाटा कापल्यावर तपकिरी होतो, मग संत्रे-लिंबू का होत नाही?

कापलेल्या फळात पेशी फुटतात. त्यातील विकरे, म्हणजे एन्झाइम, हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने काही रसायनांतून इलेक्ट्रॉन काढून घेतात. त्यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. त्यातून तपकिरी रंगद्रव्य तयार होते. लिंबूवर्गीय फळांत मात्र कोणीतरी ही प्रक्रिया अडवत होते. सेंट-जॉर्जी यांनी एक साधा प्रयोग केला. पेरॉक्सिडेज हे विकर, पेरॉक्साइड आणि बेंझिडीन एकत्र केले की मिश्रण तत्काळ निळे होते. शुद्ध विकराऐवजी वनस्पतीचा रस वापरला, तर निळा रंग क्षणभर उशिरा येत होता. या क्षणभराच्या उशिरानेच त्यांचे लक्ष वेधले. रसात असे काहीतरी होते, जे स्वतःचे इलेक्ट्रॉन आधी देऊन टाकत होते. ते संपेपर्यंत रंग येत नव्हता.

यात त्वचेचा धागाही होता. ॲडिसन्स डिसीज या विकारात मूत्रपिंडावर असलेल्या ॲड्रेनल ग्रंथी निकामी होतात आणि रुग्णाची कातडी काळवंडते. कापलेले फळ आणि आजारी माणसाची त्वचा यांचा तपकिरी रंग एकाच कारणाने येत असावा, असा सेंट-जॉर्जी यांचा कयास होता. हा कयास चुकीचा होता. ॲडिसन्समधील काळेपणा मेंदूतील पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे येतो, हे नंतर कळले. पण या चुकीच्या कल्पनेमुळे त्यांनी ॲड्रेनल ग्रंथींत डोकावून पाहिले आणि इलेक्ट्रॉन देणारा तोच पदार्थ तिथे सापडला.

नाव माहीत नसलेली साखर

संशोधन हाती लागत असतानाच नोकरी हातची गेली. नव्या वरिष्ठांशी पटेना, पैसे संपले. पत्नी व मुलीला त्यांनी माहेरी पाठवले. १९२६ मध्ये स्टॉकहोमला शरीरक्रियाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद होती. विज्ञानाचा निरोप घ्यायचा म्हणून ते तिथे गेले. जगण्याचाच निरोप घेण्याचे विचार त्या काळात त्यांच्या मनात होते. अध्यक्षीय भाषणात केंब्रिजचे प्राध्यापक फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी एका अपरिचित संशोधकाच्या कामाचा गौरवाने उल्लेख केला. तो संशोधक म्हणजे श्रोत्यांत बसलेले सेंट-जॉर्जीच. ते भाषणानंतर हॉपकिन्सना भेटले. केंब्रिजचे निमंत्रण आणि रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली. आयुष्य पुन्हा रुळावर आले.

केंब्रिजमध्ये ॲड्रेनल ग्रंथी, संत्री आणि कोबी यांतून त्यांनी हा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. त्यात सहा कार्बन, आठ हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन अणू होते. साखरेच्या जवळचे काहीतरी होते, पण नेमके काय ते कळेना. साखरांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी ‘ओज’ येते. म्हणून त्यांनी ‘अज्ञात साखर’ अशा अर्थाचे इग्नोज हे नाव सुचवले. नियतकालिकाचे संपादक आर्थर हार्डन यांना हा विनोद रुचला नाही. मग सेंट-जॉर्जी यांनी गॉडनोज, म्हणजे देवच जाणे, असे दुसरे नाव पाठवले. शेवटी १९२८ मध्ये हेक्झुरॉनिक आम्ल या गंभीर नावाने निबंध छापला गेला.

पुढचे वर्ष त्यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये काढले. जवळच्या कत्तलखान्यांतून ॲड्रेनल ग्रंथी ढिगाने मिळत. एवढ्या खटाटोपातून हाती आले सुमारे २५ ग्रॅम. त्यातला अर्धा वाटा त्यांनी बर्मिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन हॉवर्थ यांना रचना शोधण्यासाठी पाठवला. तो पुरला नाही.

हेच ‘क’ जीवनसत्त्व आहे, हे कसे कळले?

स्कर्व्ही हा हिरड्यांतून रक्त येणारा, जखमा उकलणारा दर्यावर्दींचा आजार. लिंबू-संत्र्यांनी तो बरा होतो हे जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये जहाजावर दाखवले होते. १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगमध्ये स्कर्व्ही निर्माण करून दाखवली. माणूस आणि गिनीपिग, दोघांच्याही शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. पण हे जीवनसत्त्व म्हणजे नेमका कोणता रेणू, हे कोणालाही माहीत नव्हते.

गंमत म्हणजे तो रेणू सेंट-जॉर्जी यांच्या कपाटात १९२८ पासून पडून होता. हा तोच असावा, अशी शंका त्यांना होती. पण जीवनसत्त्वे हा विषय त्यांना कंटाळवाणा वाटे. काय खावे हा आचाऱ्याचा प्रश्न, शास्त्रज्ञाचा नव्हे, असे त्यांचे मत होते. प्राण्यांवर चाचणी करायची राहूनच गेली.

हंगेरीत परतून ते सेगेद विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३१ च्या शरद ऋतूत जोसेफ स्वर्बेली हा हंगेरियन वंशाचा अमेरिकी तरुण तिथे आला. तो पिट्सबर्गला चार्ल्स ग्लेन किंग यांच्या प्रयोगशाळेत ‘क’ जीवनसत्त्वावरच काम करून आला होता. सेंट-जॉर्जी यांनी उरलेले स्फटिक त्याच्या हाती दिले. स्वर्बेलीने गिनीपिगना उकळलेले अन्न दिले, कारण उकळल्यावर ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यातील एका गटाला रोज जेमतेम एक मिलिग्रॅम हेक्झुरॉनिक आम्ल मिळत होते. हा गट धडधाकट राहिला, दुसरा स्कर्व्हीने दगावला. उत्तर मिळाले होते.

इथून वादाला तोंड फुटले. स्वर्बेलीने जुन्या मार्गदर्शकांना, म्हणजे किंग यांना, निष्कर्ष कळवले होते. किंग स्वतः लिंबाच्या रसातून जीवनसत्त्व वेगळे करण्याच्या अगदी जवळ होते. त्यांचे टिपण १ एप्रिल १९३२ रोजी सायन्समध्ये प्रसिद्ध झाले. सेंट-जॉर्जी आणि स्वर्बेली यांचे टिपण नेचरमध्ये १६ एप्रिलला आले. पंधरा दिवसांच्या या फरकाने शोधाचे श्रेय कोणाचे, यावर पुढे अनेक वर्षे भांडणे झाली.

रात्रीच्या जेवणातील मिरची

आता गरज होती मोठ्या साठ्याची. ग्रंथी आणि संत्र्यांतून मिळणारे काही ग्रॅम पुरणार नव्हते. सेगेद हे पाप्रिका नावाच्या लाल मिरचीसाठी प्रसिद्ध गाव. एका रात्री पत्नीने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. सेंट-जॉर्जी यांना ती खायची इच्छा नव्हती आणि तसे सांगण्याचा धीरही नव्हता. या भाजीची तपासणी आपण कधीच केली नाही, हे त्यांच्या लक्षात आले आणि ती घेऊन ते प्रयोगशाळेत निघून गेले. मध्यरात्रीपर्यंत उत्तर हाती होते. मिरची ‘क’ जीवनसत्त्वाने खच्चून भरलेली होती. काही आठवड्यांत किलोभराहून अधिक शुद्ध स्फटिक तयार झाले. जगभरच्या संशोधकांना त्यांनी ते वाटले.

या साठ्यावरच हॉवर्थ यांनी १९३३ मध्ये रेणूची रचना पक्की केली. दोघांनी मिळून त्याला नवे नाव दिले, ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारे आम्ल. त्याच वर्षी टाडेउश राइशस्टाइन यांनी ते ग्लुकोजपासून कृत्रिमरीत्या बनवण्याची पद्धत शोधली आणि ‘क’ जीवनसत्त्व कारखान्यात तयार होऊ लागले. १९३७ मध्ये सेंट-जॉर्जी यांना वैद्यकशास्त्राचे आणि हॉवर्थ यांना पॉल कॅरर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. किंग यांचे नाव त्यात नव्हते.

देणारा रेणू, म्हणूनच नाजूक...

ॲस्कॉर्बिक आम्लाच्या रेणूत एक कडे असते. त्यात दोन शेजारच्या कार्बन अणूंवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. इलेक्ट्रॉन द्यायची जागा हीच. त्वचेत हा गुण तीन कामे करतो. कोलॅजेन हे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन बनवणाऱ्या विकरांना तो कामाला जुंपतो. उन्हाने तयार होणारे मुक्त कण निष्प्रभ करतो. आणि मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तयार होण्याच्या साखळीत मधल्या रसायनाला मागे ढकलतो. मेलॅनिन बनवणारे टायरोसिनेज आणि सफरचंद काळे पाडणारे विकर हे एकाच कुळातले, दोघांच्याही गाभ्यात तांबे असते. ॲडिसन्सबाबत चुकलेली सेंट-जॉर्जी यांची उपमा इथे मात्र बरीच जुळते.

पण हाच रेणू बाटलीत असताना समोर येणाऱ्या ऑक्सिजनलाही इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. पाणी, उजेड, उष्णता आणि लोह-तांब्याचा अंश असेल तर आणखी वेगाने. आधी डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल तयार होते. मग कडे तुटते आणि तिथून परतीचा रस्ता नसतो. द्रव पिवळा, तपकिरी होतो. म्हणजे सफरचंद काळे पडू न देणारा पदार्थ बाटलीत स्वतःच काळा पडतो.

स्थिर रूपे काय करतात?

त्या देत्या हातावर टोपण बसवतात. मॅग्नेशियम किंवा सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटमध्ये दुसऱ्या कार्बनवर फॉस्फेटचे टोपण असते, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडमध्ये त्याच जागी ग्लुकोजचे. इथिल ॲस्कॉर्बिक आम्लात तिसऱ्या कार्बनवर छोटा इथिल गट असतो. ॲस्कॉर्बिल पामिटेट मात्र वेगळे. त्यात चरबीची साखळी सहाव्या कार्बनवर, म्हणजे मुख्य जागेपासून दूर असते. त्यामुळे ते तेलात विरघळते, पण इलेक्ट्रॉन देणारी जागा उघडीच राहते. म्हणून त्याची स्थिरता मर्यादित. टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेटमध्ये चारही जागा झाकलेल्या असतात.

फॉस्फेट आणि ग्लुकोजची टोपणे त्वचेतील विकरांनी उघडायची असतात. फॉस्फेट काढणारे फॉस्फेटेज आणि ग्लुकोज काढणारे ग्लुकोसिडेज. टोपण उघडले तरच ‘क’ जीवनसत्त्व मोकळे होते. त्यामुळे प्रश्न दोन असतात. रेणू त्वचेत शिरतो का? आणि शिरल्यावर उघडतो का?

अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातील शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवर अभ्यास केला. साधे ॲस्कॉर्बिक आम्ल सामू साडेतीनपेक्षा कमी, म्हणजे द्रव बराच आंबट असेल तरच चांगले शिरते, २० टक्क्यांपुढे प्रमाण वाढवून फायदा होत नाही, असे त्यांना आढळले. मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट आणि ॲस्कॉर्बिल पामिटेट लावून मात्र त्वचेतील ‘क’ जीवनसत्त्वाची पातळी वाढली नाही. दुसरीकडे, जपानमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच फॉस्फेटच्या १० टक्के क्रीमने वांग आणि वयाचे डाग असलेल्या ३४ पैकी १९ जणांत डाग स्पष्टपणे फिके झाले होते. म्हणजे बाटलीत टिकणे आणि त्वचेत काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

ग्राहकासाठी अर्थ सरळ आहे. साधे ॲस्कॉर्बिक आम्ल घ्यायचे तर गडद, हवाबंद बाटली, छोटा आकार आणि थंड जागा हवी. द्रव तपकिरी झाला की ते टाकून द्यावे. आंबट सीरमने ज्यांची त्वचा चुरचुरते, त्यांच्यासाठी फॉस्फेट किंवा ग्लुकोसाइड सौम्य पडते, कारण ते साधारण उदासीन द्रवातही टिकते. मात्र परिणामाची अपेक्षा बेताची ठेवावी. यांपैकी काहीही सनस्क्रीनची जागा घेत नाही.

नोबेलनंतरचे आयुष्य

सेंट-जॉर्जी नोबेलनंतर स्वस्थ बसले नाहीत. रशियाने आक्रमण केल्यावर फिनलंडच्या मदतीसाठी त्यांनी आपले सोन्याचे नोबेल पदक देऊन टाकले. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले आणि हंगेरीला हिटलरच्या गोटातून बाहेर काढण्यासाठी दोस्त राष्ट्रांच्या हेरखात्याशी त्यांनी गुप्त बोलणी केली. जर्मनांना याचा सुगावा लागला. १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्यावर ते भूमिगत झाले. स्वीडनने त्यांना नागरिकत्व दिले. युद्ध संपेपर्यंत ते गेस्टापोपासून लपत राहिले.

नंतर सोव्हिएत प्रभावाखालच्या हंगेरीतही जमेना. १९४७ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाले. सेगेदमध्येच त्यांच्या गटाने स्नायू आकुंचन पावतो तो ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांमुळे, हे दाखवले होते. त्या कामासाठी १९५४ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

त्यांची दुसरी पत्नी मार्ता १९६३ मध्ये आणि मुलगी नेली १९६९ मध्ये कर्करोगाने गेली. उतारवयात त्यांनी सगळे लक्ष याच आजाराकडे वळवले. कर्करोगाचे मूळही इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत असावे, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो स्वीकारला गेला नाही आणि सरकारी अनुदान मिळेना. त्यांची ओढाताण वर्तमानपत्रात वाचून फ्रँकलिन सॅलिसबरी या वकिलाने २५ डॉलर पाठवले. सेंट-जॉर्जी यांनी आभाराचे पत्र लिहिले. त्या ओळखीतून १९७३ मध्ये कर्करोग संशोधनासाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान उभे राहिले. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, ९३ व्या वर्षी, वुड्स होल येथे त्यांचे निधन झाले.

सौंदर्यप्रसाधनासाठी त्यांनी हा रेणू शोधला नव्हता. फळ काळे का पडते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मिरचीतून काढलेल्या त्या पांढऱ्या स्फटिकाला बाटलीत टिकवण्याची खटपट आजही सुरू आहे. पिवळे पडलेले सीरम हे दर वेळी कंपनीच्या फसवणुकीचे लक्षण असतेच असे नाही. ते त्या रेणूच्या स्वभावाचे लक्षण आहे, आणि त्या स्वभावाचा शोध एका प्रयोगशाळेत क्षणभर उशिरा आलेल्या निळ्या रंगातून लागला होता.